पिल्लांची चोच आणि लहानसहान व्यंगं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहर, हिंगणा, कामठी, कळमेश्वर, उमरेड या भागांत घरामागे दहा-वीस कोंबड्या पाळणारे आणि थर्माकोलच्या पेटीत अंडी उबवणारे सारखे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पहिल्या दिवसापासून साधारण आठव्या आठवड्यापर्यंतच्या पिल्लांपुरतंच हे लिहिलं आहे. घाईत असाल तर आधी प्रश्न ४ वाचा. चोच कशीही दिसत असो, पुढची बरीचशी उत्तरं तिथल्या तपासणीवर उभी आहेत.

१. चोचीच्या टोकावर पांढरा खडा दिसतो. तो काढून टाकू का?

हात लावू नका. तो अंडदात. नावात दात असला तरी तो खरा दात नव्हे, वरच्या चोचीच्या टोकाजवळ आलेला चुन्यासारखा कडक कण आहे. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू याच कणाने आतला पडदा फाडून हवेच्या कप्प्यात चोच घालतं आणि पहिला श्वास घेतं. मग टरफलाला टोचा पडतो आणि पिल्लू आतल्या आत गोल फिरत अंड्याच्या बोथट टोकाची टोपी कापत जातं. टोचा पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास सहज लागतात. काम झालं की हा कण दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात आपोआप गळतो. नखाने खरवडलात तर खालचं कोवळं टोक सोलून रक्त येतं आणि बाकीची पिल्लं त्या लाल ठिपक्यावर तुटून पडतात.

२. वरची चोच खालचीपेक्षा लांब आहे. हे व्यंग आहे का?

मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुढे आणि किंचित खाली वळलेली असेल तर ती तशीच असायला हवी. चोच म्हणजे आत हाड आणि वर नखासारखं कठीण कवच. हे कवच आयुष्यभर वाढतं आणि जमिनीवर टोचून, घासून झिजतं. दिवसभर मातीत उकरणाऱ्या गावरान पिल्लाची चोच सहसा वाढून बसत नाही. गच्चीवर पिंजऱ्यात वाढणाऱ्या पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून एक खडबडीत वीट आडवी ठेवून तिच्यावर थोडं खाद्य टाकावं, म्हणजे खाता खाता टोक घासलं जातं.

वरची चोच आकड्यासारखी वळून खालची पूर्ण झाकत असेल, तर बहुतेक वेळा खालचा जबडाच आखूड असतो. याला पोपटचोच म्हणतात. तिची निगा कात्रीचोचीसारखीच घ्यायची, म्हणजे प्रश्न ६ आणि ७.

३. नुकतंच निघालेलं पिल्लू मानेमागे सुजलेलं आणि पायाच्या सांध्यावर लाल दिसतं. आजारी आहे का?

नाही. मानेमागचा फुगवटा हा टरफल फोडायला लागणाऱ्या स्नायूचा. तो दोन-तीन दिवसांत उतरतो. सांध्यावरचा लालपणा टरफलाला रेटा देऊन आलेला असतो. पिल्लू उबवणीच्या मशीनमध्येच पूर्ण सुकू द्या. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस निघू शकतं, त्यामुळे पाण्यासाठी घाबरून झाकण उघडत बसू नका. झाकण उघडलं की आतली दमट हवा जाते, टोचा पडलेल्या अंड्यांचा पडदा वाळतो आणि आतली पिल्लं त्याला चिकटून बसतात.

४. पिल्लू टोचताना दिसतं, पण खरंच खातंय का हे कसं ओळखायचं?

टोचणं आणि गिळणं यांत मोठं अंतर आहे. वाकड्या चोचीचं पिल्लू दिवसभर भांड्यावर टोचत राहील आणि रात्री उपाशी झोपेल. दोन गोष्टी बघा.

पहिली, गळ्याखालची अन्नाची पिशवी. ती छातीच्या वर, पिल्लाच्या उजव्या बाजूला असते. संध्याकाळी दिवे मालवण्याआधी पिल्लू तळहातावर घेऊन बोटाने अलगद चाचपा. पिशवी भिजवलेल्या हरभऱ्याएवढी किंवा मोठी, मऊ आणि आत कणकेसारखं काही जाणवत असेल तर पिल्लू जेवलं. सपाट असेल तर उपाशी. आत फक्त पाणी डुचमळत असेल तर पाणीच पिऊन पोट भरलंय. सकाळी हीच पिशवी रिकामी मिळायला हवी. सकाळीही टणक गोळा लागत असेल तर आत काहीतरी अडकलं आहे, बहुधा लिटरचं (पिल्लांखाली अंथरलेलं) तूस नाहीतर सुतळीचा धागा. त्या पिल्लाला चार-सहा तास फक्त कोमट पाणी द्या आणि पिशवी हलक्या हाताने चोळा. छातीवर उजवीकडे गाठ आली म्हणून जी भीती वाटते, ती बहुतेक वेळा हीच भरलेली पिशवी.

दुसरी गोष्ट वजन. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. काट्यावर वाटी ठेवून शून्य करा आणि पिल्लू वाटीत बसवा. गावरान पिल्लू पहिल्या दिवशी ३० ग्रॅमच्या आसपास भरतं. पहिल्या एक-दोन दिवसांत वजन थोडं घटलं तरी चालेल, पण आठवडा संपताना ते पहिल्या दिवसापेक्षा नीट वर गेलेलं असलं पाहिजे. त्याच खेपेतल्या इतर पिल्लांशी तुलना करा, पुस्तकातल्या तक्त्याशी नको.

५. वरची आणि खालची चोच कात्रीसारखी एकमेकींवरून जाते. असं का होतं?

ही कात्रीचोच. काही पिल्लांत पहिल्याच दिवशी दिसते. पण बहुतेकांत दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लक्षात येते, कारण सुरुवातीचा केसभर फरक चोच वाढेल तसा वाढत जातो. टोकं एकमेकांवर घासली नाहीत की झिजत नाहीत, झिजली नाहीत की लांबतात आणि लांबली की आणखी वाकतात.

कारणं अनेक. काही वेळा दोष रक्तातूनच येतो. काही वेळा आईकोंबडीच्या खाद्यात बायोटिन, फोलिक ॲसिडसारखी जीवनसत्त्वं कमी पडलेली असतात. उबवणीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत, डोकं घडत असताना, तापमान वर गेलं तरीही असं होतं. पिल्लू निघाल्यानंतर कुठे अडकून जबड्याला मार बसला, तरी चोच एका बाजूला वळते. एका पिल्लाकडे बघून यातलं कारण सांगता येत नाही. पण एका खेपेत अशी तीन-चार पिल्लं असतील आणि ती वेगवेगळ्या कोंबड्यांची असतील, तर संशय मशीनवर घ्या. सगळी एकाच कोंबडीची असतील तर तिच्यावर.

६. कात्रीचोचीच्या पिल्लाला खाऊ कसं घालायचं?

अशा पिल्लाला दाणा चिमटीत पकडता येत नाही. त्याला उपसून खावं लागतं. म्हणून भांडं खोल हवं आणि खाद्य ओलं.

एक वाटी चिक स्टार्टरला, म्हणजे पिल्लांच्या तयार खाद्याला, साधारण दीड वाटी कोमट पाणी घालून दहा मिनिटं फुगू द्या. झुणक्यापेक्षा सैल, पातळ पिठल्यापेक्षा घट्ट असं ते झालं पाहिजे. चमचा उभा रोवला तर हळूहळू कलला पाहिजे. भांडं चार-पाच सेंटिमीटर खोल आणि जड घ्या. स्टीलची हलकी वाटी उलटते, मातीचं परळ छान बसतं. त्याचा काठ पिल्लाच्या छातीच्या उंचीला येईल असं विटेच्या तुकड्यावर ठेवा, कारण मान खाली घातली की तोंडातलं खाद्य एका बाजूने गळून पडतं.

पाण्याचं भांडंही असं हवं की अख्खी चोच बुडेल. पहिल्या दोन आठवड्यांत त्यात गोटे टाका, नाहीतर पिल्लू बुडून मरतं.

दुसरी पिल्लं ओल्या खाद्यावर आधी धाड घालतात. म्हणून दिवसातून तीन-चारदा, प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं, या पिल्लाला जाळीआड वेगळं खाऊ द्या. पूर्ण वेगळं ठेवू नका, एकटं पिल्लू गारठतं आणि खाणंही सोडतं. उन्हाळ्यात ओलं खाद्य दोन तासांत आंबतं, उरलेलं फेकून भांडं घासून घ्या. सिरिंजने तोंडात भरवण्याची सवय लावू नका. पातळ खाद्य श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू हातातच जातं.

७. वाढलेली चोच कापता येते का? कशाने?

येते, पण पहिल्या महिन्यात नाही आणि कात्रीने तर मुळीच नाही. कवच इतकं कोवळं असतं की कापताना उभं चिरतं. साधारण पाच-सहा आठवड्यांनंतर नखं घासायची कानस घ्या.

पिल्लू जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर ठेवा. चोचीमागून मोबाइलचा टॉर्च लावा. आत गुलाबी दिसतो तो जिवंत भाग, त्याच्यापुढचा फिकट अर्धपारदर्शक भाग तेवढाच घासायचा. कडकनाथच्या काळ्या चोचीतून काही दिसत नाही, तिथे एका वेळी अर्धा मिलिमीटर घासून थांबा. बाजूला ओलांडून गेलेलं टोक तिरपं घासा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. पिल्लू डोकं झटकायला लागलं तर तुम्ही जिवंत भागाजवळ पोहोचला आहात. घासल्याने चोच सरळ होत नाही, फक्त वाकडेपणा वाढायचा थांबतो आणि तोंड मिटायला मदत होते.

८. पट्टी बांधून किंवा रोज बोटाने दाबून चोच सरळ होते का?

नाही. वाकडेपणा बहुतेक वेळा कवचात नसून कवटीच्या आणि जबड्याच्या हाडात असतो. पट्टीने तोंड बांधलं तर पिल्लू खाऊ शकत नाही, आणि उन्हाळ्यात तोंड उघडून धापा टाकता न आल्याने तासाभरात मरूही शकतं. पायावर पट्टी चालते (प्रश्न १६, १७), चोचीवर नाही.

९. तीन आठवड्यांच्या पिल्लाची चोच रबरासारखी वाकते. काय झालं?

हा मुडदूस. डी-३ जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फरस कमी पडलं की हाडं आणि चोच कडक होत नाहीत. अंगठा आणि तर्जनीत धरून वरची चोच हलकेच दाबली तर ती वाकते. त्याच वेळी पिल्लू लंगडतं, सांधे जाड दिसतात, उभं राहण्यापेक्षा बसून राहतं. घरगुती पिल्लांत हे जवळजवळ नेहमी दोनच ठिकाणी दिसतं: जिथे फक्त तांदळाची कणी नाहीतर ज्वारीचा भरडा चालू आहे, आणि जिथे पिल्लं पूर्णवेळ घरात आहेत.

खाद्य लगेच बदला. चांगल्या चिक स्टार्टरमध्ये २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि एक टक्क्याच्या आसपास कॅल्शियम असतं. सोबत कोंबड्यांसाठीचं डी-३ असलेलं पातळ कॅल्शियम, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, पाच ते सात दिवस पाण्यातून द्या. रोज सकाळी साडेसात-आठच्या उन्हात अर्धा तास बाहेर सोडा. खिडकीच्या काचेआडून आलेलं ऊन यासाठी कुचकामी, कारण डी-३ तयार करणारे किरण काच अडवते. लवकर धरलं तर चोच आठवड्या-दोन आठवड्यांत कडक होते.

याच्या उलट चूकही होते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना देऊ नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. शिंपल्याच्या चुऱ्यालाही हेच लागू.

१०. विकत आणलेल्या सगळ्याच पिल्लांची चोच पुढून बोथट आहे. फसवणूक झाली का?

नाही, चोच छाटलेली आहे. लेयरच्या पिल्लांनी एकमेकांना टोचून मारू नये म्हणून हे करतात. तापलेल्या पात्याने सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, किंवा हॅचरीतच पहिल्या दिवशी इन्फ्रारेडने. इन्फ्रारेडमध्ये टोक लगेच तुटत नाही. ते आधी फिकट होतं, मऊ पडतं आणि दोन-तीन आठवड्यांत झडतं. म्हणून आणल्यावर दहा-बारा दिवसांनी चोचीची टोकं गळताना दिसली तर घाबरू नका. मोकळ्यावर सोडायच्या पिल्लांना छाटणी नकोच, किडा पकडायला टोक लागतं. आगाऊ बुकिंग करतानाच हॅचरीला सांगून ठेवावं.

नुकती छाटलेली पिल्लं आठवडाभर तळाला टोचत नाहीत. त्यांच्या भांड्यात खाद्य निदान दोन-अडीच सेंटिमीटर थर राहील असं ठेवा.

११. चोचीत आणि नाकपुड्यांवर खाद्य चिकटून दगडासारखं होतं.

खाद्य पिठासारखं बारीक दळलेलं आहे. ते लाळेने भिजतं, चोचीच्या कडांना आणि टाळूला चिकटतं, वाळतं. तसंच राहिलं तर त्याखाली कुजतं आणि चोचीची कड खाल्ली जाते. कोमट पाण्यात कापूस भिजवून मिनिटभर धरा, मग कानकोरण्याच्या कापसाच्या काडीने पुसा. पिनेने किंवा दातकोरणीने उकरू नका. नाकपुडी मोकळी होते की नाही ते खास बघा, कारण ती बंद असेल तर पिल्लू तोंडाने श्वास घेत राहतं आणि माणूस त्याला सर्दीचं औषध देत बसतो. पुढच्या वेळी खाद्य क्रंबल, म्हणजे रव्यासारखं दाणेदार, आणा.

१२. चोचीचं टोक तुटलं आणि रक्त येतंय.

स्वच्छ कापसाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा, मग कॉर्नफ्लोअर किंवा हळद दाबा. रक्त थांबलं की पिल्लू टोपलीखाली वेगळं ठेवा, जखम गडद होईपर्यंत बाकीच्यांत सोडू नका. जेन्शियन व्हायोलेट लावलं तर लाल रंग झाकतो आणि टोचणं थांबतं. फक्त कवच गेलं असेल तर ते काही आठवड्यांत पुन्हा येतं. हाड उघडं पडलं असेल किंवा खालची चोच लोंबत असेल तर डॉक्टर.

१३. पिल्लं चोच उघडी ठेवून बसतात. चोचीत काही दोष आहे का?

नागपुरात मार्च ते जूनमध्ये हा प्रश्न आला की आधी बल्ब बंद करायला सांगावं लागतं. पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे लिटरपासून पाचेक सेंटिमीटरवर, पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियस लागतं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मे महिन्यात दुपारी खोलीच ४०-४२ वर असते, तिथे बल्ब लावणं म्हणजे पिल्लं भाजणं. बल्ब बंद करा, खोलीच्या खिडकीला ओलं गोणपाट लावा, कूलरची हवा थेट पिल्लांवर न जाता भिंतीला आपटून येऊ द्या. पाणी मातीच्या भांड्यात, दर दोन तासांनी ताजं.

डिसेंबर-जानेवारीत उलट. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि तेव्हा बल्ब रात्रभर लागतो. तो एलईडी नको, एलईडीत उजेड असतो, ऊब नसते. जुना पिवळा तारेचा बल्ब किंवा इन्फ्रारेड दिवा, पिल्लामागे एक ते दोन वॅट या हिशेबाने.

गारव्यातही चोच उघडीच असेल तर आजार समजा. आवाज न करता धापा टाकत असतील आणि लिटर ओलं-बुरशी आलेलं असेल (पावसाळ्यात तूस चटकन बुरसतं), तर फुप्फुसात बुरशी गेली आहे. त्यावर घरगुती औषध नाही, लिटर त्याच दिवशी बदला. घरघर, शिंका, नाकातून पाणी असेल तर डॉक्टरांना दाखवा. मात्र पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगावरच्या लशीचा, थेंब दिल्यानंतर दोन-तीन दिवस हलक्या शिंका येतातच.

१४. चोचीच्या कडेला खपल्या धरल्या आहेत.

डोळ्याभोवती आणि तुऱ्यावरही चामखिळीसारखे दाणे असतील तर देवी. हा विषाणू डासांमार्फत पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. खपल्या ओढू नका, पोविडोन आयोडीन लावा. दोन-चार आठवड्यांत त्या आपोआप गळतात. तोंडात, जिभेखाली पिवळसर पापुद्रे दिसले तर तो जास्त वाईट प्रकार, पिल्लाला गिळता येत नाही. देवीची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पातळ चामडीत टोचतात.

फक्त तोंडाच्या कोपऱ्यांत आणि पायाच्या तळव्यांवर भेगा-खपल्या असतील, बाकी अंग स्वच्छ असेल, तर बायोटिन किंवा पँटोथेनिक ॲसिड कमी आहे. खाद्य बदला आणि बी-कॉम्प्लेक्स द्या.

१५. कडकनाथ म्हणून घेतलेल्या पिल्लाची चोच पांढुरकी आहे. आणि बाजारातल्या रंगीत पिल्लाची चोच हिरवी का?

कडकनाथ हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे कातडी, चोच, पाय, जीभ सगळं काळसर. एक दिवसाचं पिल्लू निळसर ते काळं आणि पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असं असतं. अंडदात पांढरा असतो, त्यामुळे फक्त टोकावरचा ठिपका पांढरा दिसला तर थांबा. अख्खी चोच फिकट किंवा गुलाबी, पायाचे तळवे पिवळे आणि जीभ गुलाबी असेल तर पिल्लू संकरित आहे. नुसत्या काळ्या पिसांवर कडकनाथचे पैसे देऊ नका.

हिरवी-गुलाबी पिल्लं रंगात बुडवलेली असतात, बहुतेक वेळा लेयरची नर पिल्लं. पिसांबरोबर चोचीलाही रंग लागतो. काही आठवड्यांत लव गळून पिसं आली की रंग जातो. धुऊ नका, गारठून मरतील.

१६. पिल्लाचे पाय बेडकासारखे दोन बाजूंना फाकतात.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं आहे, हे विचारायचीही गरज नसते. पहिल्या दिवसापासून पाय घसरले की मांडीचे सांधे फाकलेलेच राहतात. पहिल्या दोन दिवसांत धरलं तर हमखास सुधारतं, आठवड्यानंतर फारसं नाही.

चिकटपट्टी, म्हणजे जखमेवर लावतो तीच, उभी अर्धी कापा. एक टोक एका पायाला सांध्याखाली वेढा, दुसरं दुसऱ्याला. मधलं अंतर साधारण अडीच सेंटिमीटर ठेवा, म्हणजे पाय सरळ अंगाखाली येतील. चिकट बाजू कातडीला लागणार नाही अशी मधली गादी पायावर आणा. पिल्लू आधी पडेल, कोलमडेल, तासाभरात सावरेल. खाली गोणपाट, जुना टॉवेल किंवा रबरी जाळीदार मॅट घाला. पट्टी रोज सोडून बघा, पाय सुजला असेल तर सैल करा. दोन ते चार दिवस पुरतात.

१७. पायाची बोटं आत मुडपली आहेत.

पहिल्याच दिवशी तशी असतील तर उबवणीतला दोष. जाड पुठ्ठ्याचा छोटा तुकडा पंजाच्या आकारात कापून त्यावर बोटं पसरवा आणि चिकटपट्टीने जोडा, दोन-तीन दिवसांचा बूट. फरक पडतो.

दहा-चौदा दिवसांच्या पिल्लाची बोटं अचानक मुडपू लागली आणि ते गुडघ्यावर बसल्यासारखं चालायला लागलं, तर ही बी-२ ची कमतरता. तिथे बुटाचा उपयोग नाही, कारण नस दुखावलेली असते. त्याच दिवशी कोंबड्यांचं बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून सुरू करा. उशीर झाला तर नस परत येत नाही.

१८. एका पायाला पाच बोटं आहेत.

काही बिघडत नाही. सिल्कीसारख्या जातींत पाच बोटं हीच ओळख. गावरानमध्ये कुठून तरी ते रक्त आलेलं असतं. जादा बोटाचं नख जमिनीला लागत नसल्याने वाढतं, तेवढं कापा.

१९. मान वाकडी होते, पिल्लू आकाशाकडे बघत मागे पडतं.

हा प्रश्न चोचीच्या यादीत नको इतका गंभीर आहे. एकच पिल्लू, बाकी सगळी टुणटुणीत, ताप-शिंका नाहीत, तर बी-१ किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. ई-ची कमतरता साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसते, जुनं खवट खाद्य हे तिचं नेहमीचं कारण. दोन्ही जीवनसत्त्वं सुरू करा आणि पिल्लाला वेगळं ठेवून हाताने पाणी दाखवा.

पण हिरवी हगवण, श्वासाचा त्रास, एकामागून एक मरतूक अशी लक्षणं असतील तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. एकही पिल्लू किंवा कोंबडी बाहेर विकू नका, शेजाऱ्याला देऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

२०. पोटाखाली काळा ठिपका आणि मागे वाळलेली विष्ठा. दोन्ही काढू का?

आधी दोन्ही ओळखा. शेपटीखाली असतं ते विष्ठाद्वार. तिथली वाळलेली विष्ठा काढायलाच हवी, नाहीतर मार्ग बंद होऊन पिल्लू मरतं. कोमट पाण्याच्या नळाखाली धरून भिजवा, ओढू नका, कातडी सोलते. नीट पुसून, उबेत सुकवून खोबरेल तेलाचं बोट लावा.

त्याच्याही पुढे, पोटाच्या मध्याकडे, असतो तो बेंबीचा ठिपका. तिथे खपली किंवा वाळलेला दोरा असेल तर त्याला हात लावू नका. ओढलात तर आतडं बाहेर येतं. पोविडोन आयोडीनचा थेंब पुरे. बेंबी ओली, पोट फुगलेलं आणि कुजका वास असेल तर बेंबीत संसर्ग गेला आहे. अशी पिल्लं बहुतेक वाचत नाहीत. पुढच्या खेपेआधी मशीन धुऊन निर्जंतुक करा.

२१. एक डोळा लहान आहे किंवा नाहीच.

हे बरेचदा कात्रीचोचीसोबत येतं आणि कारणंही तीच (प्रश्न ५). एका डोळ्याचं पिल्लू जगतं. खाद्याची जागा बदलू नका आणि त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूने जवळ जा.

२२. हिवाळ्यात सगळी पिल्लं धड निघतात आणि मे महिन्यात वाकडीतिकडी. मशीन तर तेच आहे.

मशीन तेच आहे, खोली तीच नाही. थर्माकोलच्या घरगुती पेटीत तापवायची सोय असते, थंड करायची नसते. ३७.५ वर सेट केलेली पेटी ४३ अंशांच्या खोलीत ठेवली की बल्ब बंद असूनही आतला पारा चढतो. पहिल्या आठवड्यातली ही चढ डोकं, डोळे आणि चोच बिघडवते.

दुसरी गडबड मशीनमध्ये ठेवण्याआधीच होते. २१ अंशांच्या वर अंड्यातला जीव हळूहळू वाढायला लागतो. मे महिन्यात आठवडाभर टोपलीत साठवलेली अंडी अर्धवट सुरू झालेली, अर्धवट थांबलेली असतात. अर्धा जमिनीत पुरलेला माठ, तळाला ओली वाळू, त्यावर वाटीत अंडी आणि तोंडावर ओलं फडकं, ही जुनी रीत अजूनही चालते, पण तीन-चार दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. एप्रिल मध्यापासून मृग लागेपर्यंत पेटीत अंडी ठेवूच नयेत, हा आमचा स्पष्ट सल्ला. खुडूक कोंबडी असेल तर ती पेटीपेक्षा बरी, तिला तापलं की ती उठते.

२३. वाकड्या चोचीची तलंग मोठी झाली, अंडीही देते. तिची पिल्लं काढू का?

अंडी खा, उबवू नका. दोष रक्तातला आहे की मशीनचा, हे तुम्हाला कळलेलं नसतं. ज्या जोडीतून दोनदा कात्रीचोच निघाली तिच्या दोघांच्याही पायात लाल वळं घाला आणि त्यांची अंडी वेगळी ठेवा. कोंबडा बदलून बघितला की दोष कुणाकडून येतो याचा अंदाज दोन-तीन खेपांत लागतो. खाद्य आणि निगा नीट असूनही महिन्याभरात वजन भावंडांच्या निम्म्यावरच असेल, तर त्या पिल्लाला रोज भरवत ठेवायचं की डॉक्टरांकडून शांतपणे संपवायचं, हे आधीच ठरवा. उपाशी लोंबकळत ठेवणं तेवढं नको.

२४. नागपुरात दाखवायचं कुठे आणि नेताना काय न्यायचं?

जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, नाहीतर सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय. एकच पिल्लू नेऊ नका, एक आजारी आणि त्याच खेपेतलं एक चांगलं असं दोन्ही न्या. मूठभर खाद्य पिशवीसकट न्या, पिशवीवरची तारीख अनेकदा सगळं सांगून जाते. मेलेलं पिल्लू न्यायचं असेल तर बर्फाच्या पिशवीसोबत डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. फ्रीजरमध्ये गोठवलेलं तपासायला उपयोगी पडत नाही. दुपारी बारा ते चार उन्हाळ्यात पिल्लं दुचाकीवरून नेऊ नका. सकाळी निघा, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला चारही बाजूंनी भोकं पाडा, फक्त वरून नाही.